साडेबारा सेंटिमीटरांत अठरा मीटर

अठरा मीटर उंचीच्या यंत्राला १४४ ने भागलं की साडेबारा सेंटिमीटर उरतात. त्याच हिशेबाने एक मीटर सत्तर सेंटिमीटरचा माणूस बारा मिलिमीटरचा होतो. चाळीसगावकराला अशा भागाकाराचं अप्रूप वाटायला नको. गावापासून वीसेक किलोमीटरवर, पाटणादेवीच्या डोंगराखाली पाटण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं तिथला १२०७ सालचा शिलालेख सांगतो. आजोबांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यात त्रैराशिक तर आहेच, पण दिव्याची उंची आणि अंतर यांवरून बारा अंगुळांच्या शंकूची सावली काढण्याचीही गणितं आहेत. मी ज्या वस्तूबद्दल लिहिणार आहे, तिची पारख करायला त्रैराशिक आणि सावली एवढी दोन प्रकरणं पुरली.

वस्तू म्हणजे प्लास्टिकचा यंत्रमानव. जपानच्या बांदाई कंपनीचा, ‘रिअल ग्रेड’ मालिकेतला, आरएक्स-७८-२ गंडम. तो तयार मिळत नाही. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत भाग अडकलेले, प्रत्येक भागाला नंबर. कापायचं, घासायचं, जोडायचं. गोंद लागत नाही, रंग दिलाच पाहिजे असंही नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने तो आणून दिला. ‘‘मामा, तुम्ही घड्याळं उघडता तसंच आहे, फक्त उलट,’’ एवढीच सूचना त्याने दिली. घड्याळाइतकं बारीक काम यात नाही. पण काही जागी घड्याळापेक्षा जास्त डोकं वापरलेलं आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

गंडम ही मुळात दूरचित्रवाणीवरची मालिका. योशियुकी तोमिनो तिचे दिग्दर्शक, यंत्रांची रचना कुनिओ ओकावारांची. एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली, प्रेक्षक जमेनात म्हणून ठरल्यापेक्षा आधी, जानेवारी १९८० मध्ये, ४३ भागांवर आटोपली. त्याच वर्षी जुलैत बांदाईने ३०० येनला पहिला संच बाजारात आणला आणि मालिकेने जे केलं नव्हतं ते खोक्याने केलं. त्या पहिल्या खोक्यात रंग नव्हते, जोडायला गोंद लागे, आणि पुतळ्याचे सांधे जेमतेम हलत. तरी जपानी पोरांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. तेव्हाचं प्रमाणही एकास एकशे चव्वेचाळीसच होतं. बारा इंचांचा फूट मानणाऱ्यांच्या जगात बारा गुणिले बारा हे विमानांच्या मॉडेलचं जुनं, सोयीचं प्रमाण. २०१० मध्ये या धंद्याला तीस वर्षं झाली, तेव्हा त्याच मापात, २,५०० येनला, माझ्यापुढे आहे ती आवृत्ती आली. आदल्याच वर्षी टोकियोच्या ओदायबा भागात अठरा मीटरचा पूर्ण आकाराचा पुतळा उभा राहिला होता. त्याच्या अंगावरच्या पत्र्यांच्या रेषा, खाचा, इशाऱ्याच्या पाट्या या आवृत्तीत उतरवल्या आहेत. म्हणजे हे कार्टूनचं खेळणं राहिलं नाही. खरोखर उभ्या केलेल्या एका प्रचंड वस्तूची ती लहान प्रत झाली.

बांदाईची ही मॉडेलं बनतात शिझुओका शहरात. लाकूडकामाची परंपरा असलेल्या या शहरात टामिया कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली, मग लाकडी मॉडेल आणि १९६० च्या सुमारास प्लास्टिककडे वळली. हासेगावा, आओशिमा, फुजिमी हेही त्याच परिसरातले. आपल्याकडे सावंतवाडीत चिताऱ्यांचं लाकडी खेळण्यांचं काम आहे, हात तसाच कसबी. पण तिथे लाकडानंतर पुढची पायरी आली नाही. याचं दुःख करावं की आनंद, हे मला ठरवता येत नाही.

खान्देशाला मात्र प्लास्टिक परकं नाही. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणल्या जातात, ठिबकचे पाइप आणि ड्रिपर निघतात. ड्रिपरच्या पोटातला नागमोडी मार्ग साच्यात जरा चुकला तर केळीच्या एका झाडाला पाणी जास्त आणि दुसऱ्याला कमी. अशा साच्यांवर आयुष्य घालवलेल्या एका परिचिताला मी गंडमची एक चौकट दाखवली. त्याने पुतळ्याबद्दल काही विचारलं नाही. चौकट उजेडात तिरकी धरली, भागांच्या कडांवर नख फिरवलं आणि फ्लॅश कुठेच नाही म्हणाला. साच्याचे दोन अर्धे नीट बसले नाहीत की फटीतून वितळलेल्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, तो फ्लॅश. मग त्याने एकाच चौकटीत चार रंग बघितले आणि चौकट बराच वेळ खाली ठेवली नाही. चार रंगांचा दाणा एकाच साच्यात, एकाच दमात, रंगांची सरमिसळ न होता. बांदाईची शिझुओकातली यंत्रं हे काम वर्षानुवर्षं करत आहेत.

पण त्याला खरं अडवलं ते सांगाड्याने. या आवृत्तीत हातापायांचा आतला सांगाडा जोडायचा नसतो, तो चौकटीतून कापून काढला की हलतो. गुडघा वाकतो, घोटा फिरतो, एका भागाच्या पोटात दुसरा भाग सरकतो. युक्ती अशी की दोन प्लास्टिकं एकमेकांना चिकटणारी नसावीत. आधी एक ओतायचं, ते निवलं की त्याच्या भोवती दुसरं. दोघांची गट्टी होत नाही, म्हणून सांधा मोकळा राहतो. कागदावर सोपं आहे. साच्याचा माणूस म्हणाला की कोणतं प्लास्टिक निवताना किती आकसेल याचा हिशेब चुकला तर सांधा एक तर जाम होईल नाहीतर लोंबेल, आणि इथे असे सांधे एका पायातच किती आहेत ते मोजा. मी मोजले नाहीत. कापून काढलेला पाय नुसताच दुमडत बसलो.

हत्यारांचं म्हणाल तर सगळी गावात मिळतात. भाग कापायचं खास जपानी नीपर हजारो रुपयांच्या घरात जातं, पण त्याची गरज नाही. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो कटर पहिल्या कापाला पुरेसा. गाड्यांना रंग मारणाऱ्याकडून ४०० पासून १५०० पर्यंतचा वॉटर पेपर, बांगड्यांच्या दुकानातून नेलफाइल, स्टेशनरीतून पेपर कटरचं पातं. भाग चौकटीला जिथे जोडलेला असतो ती बारीक दांडी म्हणजे गेट. पहिला काप भागापासून लांब, दुसरा जवळ, उरलेला खुंट पात्याने, मग वॉटर पेपर. एकदम जवळ कापलं की प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढरा डाग पडतो. पांढऱ्या भागावर तो लपतो, निळ्या छातीवर आणि लाल पोटावर लपत नाही.

इथे पहिल्यांदा त्रैराशिक कामाला येतं. गेटचा उरलेला खुंट अर्ध्या मिलिमीटरचा असला तर तो खऱ्या यंत्रावर ७२ मिलिमीटरचा उंचवटा आहे. कोणत्याही कारखान्यातून सात सेंटिमीटरचं टेंगूळ घेऊन यंत्र बाहेर पडत नाही. डोळ्याला हा हिशेब येत नसतो, पण तो हिशेब चुकल्याचं डोळ्याला कळतं, आणि त्या क्षणी अठरा मीटरचं यंत्र पुन्हा साडेबारा सेंटिमीटरचं होतं. मॉडेलची पारख म्हणून मी जे काही समजलो ते एवढंच आहे. भाग किती, हात किती वळतात, शस्त्रं किती दिली (एक बीम रायफल, एक बझूका, दोन तलवारी, एक ढाल) हे खोक्यावरच छापलेलं असतं. वस्तू आपल्या खऱ्या आकाराची खात्री पटवते का, हे खोकं सांगू शकत नाही.

हा प्रश्न चाळीसगावात एका माणसाने आयुष्यभर स्वतःला विचारला होता.

केकी मूस. कैखुश्रू माणेकजी मूस. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईत. चाळीसगावात कुटुंबाचं दुकान होतं. विलायतेत कला आणि छायाचित्रण शिकून ते इथे परतले, आणि स्टेशनजवळच्या दगडी घरात जवळपास पन्नास वर्षं, अगदी क्वचित अपवाद सोडता, उंबरठा न ओलांडता राहिले. ३१ डिसेंबर १९८९ ला गेले. त्या घराचं आता संग्रहालय झालं आहे. गावात कुणालाही त्यांच्याबद्दल विचारा, तो तुम्हाला मुंबईहून येईन म्हणालेल्या प्रेयसीची आणि रात्रीच्या गाडीच्या वेळी उघड्या ठेवलेल्या दरवाजांची कथा सांगेल. मला त्या कथेचा थोडा रागच येतो. ती इतकी गोड आहे की तिच्यामुळे मूस यांच्या टेबलाकडे कुणी बघत नाही.

मूस यांचं नाव झालं ते टेबल-टॉप छायाचित्रणात. या प्रकारात दृश्य बाहेर जाऊन शोधायचं नसतं, टेबलावर रचायचं असतं. काडी म्हणजे झाड, आरसा म्हणजे तळं, मीठ किंवा कापूस म्हणजे बर्फ, आणि छायाचित्र बघणाऱ्याला टेबलाची शंकाही येता कामा नये. हा प्रकार जगभर केला गेला. पण जो माणूस घराबाहेर पडतच नाही, त्याच्यासाठी टेबल म्हणजे हौस राहत नाही, सगळा बाहेरचा मुलूख तिथेच मावावा लागतो. संग्रहालयातली चित्रं बघताना मी काय रचलं आहे ते शोधत नव्हतो, कॅमेरा कुठे ठेवला असेल ते शोधत होतो. कारण टेबल-टॉपचं निम्मं कसब त्यातच आहे.

कॅमेरा वरून लावला की वस्तू खेळण्यासारखी दिसते, कारण खेळण्यांकडे आपण वरूनच बघतो. बारा मिलिमीटरच्या माणसाचे डोळे टेबलापासून अकरा मिलिमीटरवर असतात, भिंग तिथे यायला हवं. मोबाइलवाल्यांना याची एक सोपी युक्ती आहे: फोन उलटा धरायचा, म्हणजे वरच्या कडेजवळचं भिंग खाली, टेबलाला टेकतं.

दुसरी गोष्ट नजरेच्या स्पष्टतेची. तीस सेंटिमीटरवरून काढलेला फोटो म्हणजे खऱ्या यंत्राचा ४३ मीटरवरून काढलेला फोटो. एवढ्या अंतरावरून अठरा मीटरची वस्तू नखापासून शिंगापर्यंत स्पष्ट दिसते, मागची इमारतसुद्धा दिसते. जवळ आणलेलं भिंग मात्र एक पातळ पट्टा स्पष्ट दाखवतं आणि बाकीचं धूसर करतं. ही धूसरता आपल्याला कलात्मक वाटते, पण ती लहान आकाराची चुगली करते. म्हणून छिद्र अगदी बारीक करायचं, एफ १६ किंवा २२, कॅमेरा तिपायीवर, आणि उघडझाप लांबवायची. काचेच्या प्लेटचे आणि फिल्मचे कॅमेरे वापरणाऱ्या पिढीला हे पाठ होतं. मोबाइलचा संवेदक मुळातच लहान असल्याने त्याला हे आपोआप जमतं, फक्त चेहऱ्यामागचं धूसर करणारी ती पोर्ट्रेटची सोय बंद ठेवायची.

तिसरी गोष्ट दिव्याची, आणि इथे ‘लीलावती’तला शंकू परत येतो. टेबललॅम्प पुतळ्याच्या डोक्यावर तीस सेंटिमीटरवर धरला तर पायांपर्यंतचं अंतर साडेबेचाळीस होतं. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे डोक्यावर जेवढा पडतो त्याच्या निम्माच पायाशी पोचतो. सूर्य असं करत नाही. सूर्याला डोकं आणि पाय सारखेच. दिवा दोन मीटर लांब नेला की हा फरक आठव्या-नवव्या हिश्शाएवढा उरतो आणि सावलीच्या कडाही पसरत नाहीत. एकच दिवा, लांब, बाकी खोलीत अंधार. असा फोटो मी काढला आणि मग यंत्राच्या गुणदोषांची यादी आपसूक तयार झाली.

उत्तीर्ण झालं ते पांढरं चिलखत. ते एका पांढऱ्या रंगाचं नाही. किंचित राखाडी आणि स्वच्छ पांढरे असे तुकडे शेजारी शेजारी बसवले आहेत, आणि लांबून बघितलं की वेगवेगळ्या दिवशी आलेल्या पत्र्यांचा भास होतो. ही कल्पना बिनरंगाच्या मॉडेलमध्ये आणणाऱ्याला मी शंभरपैकी शंभर देईन. गुडघाही उत्तीर्ण. तो वाकला की मांडीवरचा एक तुकडा सरकून जागा करून देतो, एखाद्या खऱ्या यंत्राने स्वतःची अडचण स्वतः सोडवावी तसं.

रेषांबद्दल मात्र माझं मत सरळ आहे: जास्त झाल्या. कोरलेली खाच ०.२ मिलिमीटर रुंद धरली तर खऱ्या यंत्रावर ती जवळजवळ तीन सेंटिमीटरची फट होते. विमानाच्या पत्र्यांत तीन सेंटिमीटरची फट असेल तर मी त्या विमानात बसणार नाही. एवढ्या मापात खाच याहून बारीक करणं साच्याला अवघड, हे मान्य. पण मग त्या मोजक्या ठेवाव्यात, इतक्या नकोत. त्यांत काळी शाई भरण्याची पद्धत आहे, तिने तर फट दरी होते. पांढऱ्यावर फिकट राखाडी, लालवर तपकिरी एवढंच पुरे. आणि सावध: शाई म्हणून टर्पेंटाइनमध्ये तेलरंग पातळ करून ओतू नका. आतला सांगाडा ज्या एबीएस प्लास्टिकचा आहे, ते ताणाखाली असताना असं पातळ द्रावण शोषतं आणि तडकतं. आज धड दिसणारा घोटा दोन दिवसांनी हातात येतो.

सोबत दिलेले चमकते धातूचे स्टिकर मी जवळजवळ सगळे बाजूला ठेवले. चकाकी लहान होत नाही, हीच तिची अडचण. साडेबारा सेंटिमीटरच्या अंगावरची झिलई अठरा मीटरच्या अंगावर काचेचं कपाट वाटते. याच कारणाने शेवटी अख्ख्या पुतळ्यावर मॅट व्हार्निशचा फवारा मारायचा. खान्देशात त्याला मुहूर्त बघावा लागतो. पावसाळ्यात हवेतली वाफ फवाऱ्यात अडकते आणि चिलखतावर पांढुरका सायीसारखा थर येतो. मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास असताना थेंब पोचायच्या आत वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, वर धूळ चिकटते ती वेगळीच. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस, तेही सकाळी दहा-अकराच्या सुमाराचे, हीच योग्य वेळ.

नापास झाला तो सांगाडाच, ज्याने साच्याच्या जाणकाराला गप्प केलं होतं तो. पहिल्या दिवशी तो अप्रतिम घट्ट आहे. रोज पोझ बदलत राहिलात तर कंबर आणि घोटे ढिले पडायला लागतात, बझूका खांद्यावर दिला की पुतळा हळूच मागे झुकतो. चिलखताचे काही तुकडे केवळ बारीक खुंट्यांवर टेकलेले, हात लावला की निसटतात. बांदाईलाही हे उमगलं असावं, कारण याच मालिकेतल्या नंतरच्या खोक्यांत हा ओतीव सांगाडा कमी कमी होत गेला, आणि २०२४ मध्ये याच यंत्राची नवी आवृत्ती निघाली. चमत्कार म्हणून जुना सांगाडा मोठा. रोज खेळायचं असेल तर साधे, एकेक करून जोडलेले सांधे जास्त टिकतात. म्हणून ही आवृत्ती घेणाऱ्याने एक पोझ ठरवावी आणि पुतळ्याला तिच्यातच राहू द्यावं.

पैशांचा विषय टाळून चालणार नाही. खेळणी आणि मोजमापाची मॉडेलं सीमाशुल्काच्या एकाच कलमात येतात. फेब्रुवारी २०२० मध्ये हे शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचं झालं. देशी खेळण्यांचा धंदा वाढावा हा हेतू, आणि तो गैर नाही. परिणाम असा की जपानी पोरगं खाऊच्या पैशांत घेतं ते इथे दोनदा विचार करून घ्यावं लागतं. नकली चिनी प्रती स्वस्त मिळतात. त्यांत फ्लॅश असतो, सांधे जाम किंवा लोंबते, आणि साच्याच्या माणसाने जे कौतुक केलं त्यातलं काहीच नसतं. पहिल्यांदा करणाऱ्याने २०२० मध्ये आलेली ‘एंट्री ग्रेड’ घ्यावी. तिचे भाग हातानेच सुटतात, कटरही लागत नाही, आणि ढिला पडणारा सांगाडा तिच्यात नाही.

आमच्या गल्लीत पुतळा बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘‘हाई काय शे भो?’’ आणि दुसरा किमतीचा. एका रेल्वेतल्या निवृत्त शेजाऱ्याने मात्र तिसराच विचारला: हा उभा कुठे आहे? प्रश्न बरोबर होता. टेबलाच्या सनमायकावर उभ्या यंत्राला उंची नसते, शेजारी काहीतरी ओळखीचं लागतं. मूस यांनी तर आख्खं आयुष्य ते शेजारचं रचण्यात घालवलं. म्हणून आता आम्ही दोघे मिळून चाळीसगाव जंक्शनचा धुळ्याच्या फाट्याकडचा एक तुकडा करायला घेतला आहे. हा फाटा १९०० साली सुरू झाला. आपला ब्रॉडगेज रूळ १,६७६ मिलिमीटरचा, १४४ ने भागला की ११.६ होतो. याच मापाच्या जवळची जपानी खेळण्यातली रेल्वे ९ मिलिमीटरच्या रुळावर चालते, ती फारच अरुंद दिसेल. पण युरोपात टीटी नावाचं एक जुनं माप आहे, त्याचा रूळ १२ मिलिमीटरचा. चार दशांश मिलिमीटरचा फरक मी सोडून द्यायला तयार आहे, शेजारी अजून तयार नाहीत. डबा साधारण १४.८ सेंटिमीटर लांब आणि २८ मिलिमीटर उंच येईल, ओव्हरहेड वायर ३८ मिलिमीटरवर, म्हणजे गंडमच्या गुडघ्याच्या आसपास. वायरच्या जाडीवर सध्या वाद चालू आहे. खरी तार बारा-तेरा मिलिमीटरची, म्हणजे आमची ०.०९ हवी. शेजाऱ्यांचं म्हणणं, जुन्या मोटारीच्या गुंडाळीतली सगळ्यात बारीक तार उकलून बघू.